सॉल्ट स्प्रे १००० तास पास, मग जांबोटीच्या पावसात किती वर्षं टिकणार?

उद्यमबाग_फॅब्रिकेशन:

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. सध्या दोन ऑर्डरी हातात आहेत. एक खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, चाळीस जनावरांचा गोठा. खांब, ट्रस, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) आणि वर पत्रा, सगळं माझ्याकडं. दुसरी अथणीकडं, सोलर पंपाच्या पॅनेलचा सांगाडा, चारी बाजूंनी ऊस. दोघांनाही कोटेशनवर लिहून पाहिजे, गंज किती वर्षं धरणार नाही म्हणून. सोलरवाले तर २५ वर्षांवर अडून बसलेत, पॅनेलची वॉरंटी तेवढी आहे म्हणे.

पाइपच्या सप्लायरनं सर्टिफिकेट दिलंय. सॉल्ट स्प्रे, म्हणजे मिठाच्या धुक्यातली चाचणी, १००० तास, लाल गंज नाही. त्याचा हिशेब असा, की चाळीस तासाला एक वर्ष धरायचं, म्हणजे २५ वर्षं झाली. गॅल्व्हनायझिंगवाला म्हणतो, जस्ताचा थर ८५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो एक मायक्रॉन) देतो, परत बघायला नको. दोघंही छातीठोकपणे सांगतात, आणि सही मात्र मला करायची आहे. ज्यांनी या कामात वर्षं काढलीत त्यांनी सांगा, हा हिशेब नेमका करतात कसा?

चिक्कोडी_पत्रा:

आमच्या वाड्यावर आजोबांच्या वेळचा जीआय, म्हणजे जस्ती, पत्रा अजून शाबूत आहे. शेजारच्यांनी परवा-परवा घातलेला पत्रा खिळ्यांभोवती लाल झाला. आताच्या मालात दम नाही, एवढं कळतं. हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, करून घ्या आणि मोकळे व्हा.

टिळकवाडी_जस्त:

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं ट्रान्समिशन टॉवरच्या मालाची तपासणी करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही सही करण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण गंज दिसल्यावर विचारतात.

चाळीस तासाला एक वर्ष, हे गणित कुठल्याही स्टँडर्डमध्ये नाही. सॉल्ट स्प्रेच्या पेटीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड चालू असतं. नमुना एकदा आत गेला की वाळतच नाही. आणि जस्त उघड्यावर टिकतं ते नेमकं वाळण्यामुळं. आधी ऑक्साइड, मग हायड्रॉक्साइड, आणि ओलं-सुकं, ओलं-सुकं होता होता हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसिक झिंक कार्बोनेटचा करडा, चिवट थर. हा थर पाण्यात सहजी विरघळत नाही, खालच्या जस्ताचं रक्षण तोच करतो. पेटीत हा थर धरायला सवडच मिळत नाही. म्हणून साधं जस्त तिथं भराभर जातं, आणि जे कोटिंग पेटीत दुप्पट टिकतं ते आपल्या गावात दुप्पट टिकेलच असं नाही. या चाचणीचं आयएसओ ९२२७ हे स्टँडर्ड स्वतःच सांगतं, की मिठाच्या धुक्यातला टिकाव आणि इतर वातावरणातला टिकाव यांचा थेट संबंध क्वचितच लागतो. चाचणी वाईट नाही. आजच्या बॅचमध्ये काही बिघडलंय का, हे कालच्या बॅचशी ताडून बघायला ती उपयोगी आहे. वर्षं मोजायला नाही.

एक शंका आणखी आहे. नुसतं जस्त, तेही पातळ, आणि १००० तासांत लाल गंज नाही, हे मला पटत नाही. सर्टिफिकेटवर नमुन्याचं वर्णन काय लिहिलंय ते नीट वाचा. पेंट केलेला नमुना असेल, किंवा कोटिंगच वेगळं असेल. तुम्ही घेताय तो पाइप कुठला, किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम जस्ताचा, तेही कळवा.

आता हिशेब. मूळ गोष्ट साधी आहे. अंगावर जस्त किती, आणि त्या जागी वर्षाला जातं किती. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. जस्ताची घनता ७.१४, म्हणजे एका चौरस मीटरवर १ मायक्रॉनचा थर ७.१४ ग्रॅमचा. ६१० ग्रॅम म्हणजे ८५ मायक्रॉन. पत्र्याचा जीएसएम मात्र दोन्ही बाजू मिळून असतो, इथं भले भले फसतात. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम, जेमतेम ८ मायक्रॉन. २७५ म्हणजे १९. चिक्कोडीवाल्या भाऊंना हेच सांगेन, आजोबांच्या पत्र्यावर जस्त किती चढवलं होतं ते मोजून बघा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिथंच सापडेल.

वर्षाला जातं किती यासाठी आयएसओ ९२२३ मध्ये हवेचे वर्ग पाडलेत, आकडा जितका मोठा तितकी हवा जास्त गंजवणारी. पहिल्या वर्षाची जस्ताची घट सी२ मध्ये ०.१ ते ०.७ मायक्रॉन, सी३ मध्ये ०.७ ते २.१, सी४ मध्ये २.१ ते ४.२, सी५ मध्ये ४.२ ते ८.४. त्याच्या वर सीएक्स, ऐन समुद्रकाठचा, २५ पर्यंत. पुढच्या वर्षांसाठी आयएसओ ९२२४ आहे. थर जुना होत जातो तशी घट मंदावते, म्हणून पहिल्या वर्षाच्या घटीला वर्षांच्या ०.८१३ व्या घातानं गुणायचं. पहिल्या वर्षी १.५ मायक्रॉन गेलं, तर २० वर्षांत साधारण १७ जाईल, ३० नाही. पण लेखी देताना मी कधीच हा घात धरत नाही, सरळ भागाकार करतो. हवेत गंधकाचा अंश आला की कार्बोनेटचा थर झिंक सल्फेट होऊन पावसात धुऊन जातो. मग दरवर्षी नवा थर, दरवर्षी नवी घट. मंदावायला वावच राहत नाही.

दोन्ही जागांबद्दल माझं मत. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस बघून लोक घाबरतात. पण जस्ताचं पावसाशी तेवढं वैर नाही. स्वच्छ पाऊस पत्र्यावरची धूळ, क्षार धुऊन नेतो. तिथं खरी अडचण ओलाव्याची आहे, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे वस्तू वाळत नाही. तरी मोकळ्या हवेला मी तिथं सी३ धरेन, वरच्या टोकाला. अथणीची हवा कोरडी, सी२ आणि सी३ च्या सीमेवर. मात्र जवळ गुऱ्हाळ किंवा साखर कारखाना आहे का ते विचारा. कारखान्यात रस साफ करायला गंधक जाळतात, आणि गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळावा म्हणून काही जण हायड्रॉस (गंधक असलेली पावडर) घालतात, त्यातूनही सल्फर डायऑक्साइडच निघतो. त्या धुराच्या वाटेत सांगाडा उभा राहणार असेल तर सी४ धरून चाला.

गोठ्याचं वेगळंच आहे, ते नंतर लिहितो.

निपाणी_दूधसंकलन:

गोठ्याचा विषय निघालाय म्हणून. आमच्या गोठ्यातले खांब वरनं अजून चांदीसारखे आहेत आणि खाली वीतभर, जिथपर्यंत शेण-मूत लागतं तिथं, पापुद्रे सुटून भोकं पडलीत. पत्र्याचं पण तेच. वरनं काही नाही, खालनं पांढरी भुकटी झडते. काका, याला जबाबदार कोण, पाइप का गोठा?

उद्यमबाग_फॅब्रिकेशन:

काका, सर्टिफिकेट उघडून बघितलं. बारीक अक्षरात लिहिलंय, नमुना जस्त-अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम कोटेड शीट. मी घेतोय तो साधा जीपी पाइप, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा, १२० जीएसएम. सप्लायरला फोन केला तर म्हणतो, दोन्ही सारखंच की.

टिळकवाडी_जस्त:

सारखं नाही. ते मिश्र कोटिंग मिठाच्या धुक्यात साध्या जस्तापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, म्हणून तर त्याचं सर्टिफिकेट पुढं केलं. कोटिंग म्हणून ते चांगलंच आहे, पण तुमच्या पाइपवर ते नाही. तुमच्या पाइपवर एका बाजूला ८ मायक्रॉन साधं जस्त आहे. सी३ च्या वरच्या टोकाला ४ वर्षं, खालच्या टोकाला ११. अथणीत त्याहून थोडी जास्त मिळतील, पण २५ ची भाषा त्या पाइपवर करता येणार नाही. शिवाय तुम्ही तो कापणार, वेल्ड करणार. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि वेल्डिंगची आच त्याच्या कितीतरी वर. म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त त्याच दिवशी उडालं. त्यावर चंदेरी रंगाचा हात मारून भागत नाही. झिंक रिच पेंट हवा, जागा तारेच्या ब्रशनं घासून, आणि १०० मायक्रॉन भरेपर्यंत.

माझा सल्ला, दोन्ही कामांना काळा पाइप आणि अँगल घ्या, वेल्डिंग, ड्रिलिंग सगळं आटपा, आणि मग अख्खा भाग हॉट डिपला पाठवा. बंद पाइपला दोन्ही टोकांना व्हेंट होल पाडायला विसरू नका. आत पाणी अडकलं तर ४५० अंशाच्या जस्तात बुडवताच त्याची वाफ होते आणि पाइप फुटतो, माणसं भाजतात. व्हेंट नसलेला माल परत पाठवणारा गॅल्व्हनायझर चांगला समजा.

आणि ८५ मायक्रॉन सगळ्यावर मिळणार नाही. भारतीय स्टँडर्ड, आयएस ४७५९, ५ मिमी आणि त्याहून जाड मालाला ६१० ग्रॅम मागतं, त्याखाली २ मिमीपर्यंत ४६०, म्हणजे ६४ मायक्रॉन. पातळ पोलाद जस्त कमीच धरतं. तुमचे खांब ६ मिमीचे आणि पर्लिन २ मिमीची असतील, तर आयुष्य पर्लिनवरनं काढायचं, खांबावरनं नाही. ६४ ला २.१ नं भागा, ३० वर्षं येतात. अथणीच्या सोलरला २५ लिहून द्यायला हरकत नाही, गंधकाचा धूर नसेल तर. आणि बोल्ट! सांगाडा हॉट डिप आणि बोल्ट बाजारातले, विजेनं जस्ताचं पातळ प्लेटिंग केलेले, हे इतक्या ठिकाणी बघितलंय. प्लेटिंगवर जस्त ५ ते ८ मायक्रॉन असतं. दोन-तीन पावसाळ्यांत बोल्टाच्या डोक्यावरनं लाल ओघळ उतरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, सांगाडा गंजला. हॉट डिप बोल्टच घ्या, त्यावर ४०-५० मायक्रॉन असतं.

आता निपाणीच्या भाऊंचं. तुमच्या गोठ्यात दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. जस्ताला तो विरघळवून नेतो, कार्बोनेटचा थर तिथं टिकूच शकत नाही. वर्गवारी मोकळ्या हवेची आहे, गोठ्यातल्या अमोनियाचा हिशेब तिच्यात धरलेलाच नाही. जस्त निवांत असतं ते सामू ६ ते १२.५ च्या दरम्यान, त्यातही अमोनिया आणि खताचे क्षार नसतील तर. म्हणून खांबाच्या खालच्या भागाला कितीही मायक्रॉन दिले तरी ते पुरणार नाहीत. तिथं काँक्रीटची कॉलर वीत-दीड वीत वर उचलायची, माथा उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी खांबाकडं साचत नाही. आणि कॉलरच्या वर हातभर, काँक्रीटमध्ये जाणाऱ्या थोड्या भागासकट, इपॉक्सी किंवा डांबरी रंग. हा रंग जस्तावर द्यायचा, जस्ताऐवजी नाही.

पत्र्याच्या खालच्या अंगाला पाऊस धूत नाही. जनावरांच्या श्वासाची वाफ पहाटे तिथं थेंब धरते, धूळ आणि अमोनिया त्यात मिसळतो आणि ते तसंच चिकटून राहतं. एकाच पत्र्याची वरची बाजू सी३ मध्ये आणि खालची कुठल्या कुठं. आढ्याला हवा निघायला सलग फट ठेवा. जांबोटीच्या गोठ्यात हे पैसे जस्तात घालण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पाइपचा दोष नाही, पाइप जिथं उभा केला त्या जागेचा आहे.

चिक्कोडी_पत्रा:

मोजायला सांगितलंत म्हणून ओळखीच्या इंजिनिअरकडनं जस्ताची जाडी मोजायचा मीटर आणवला. आजोबांच्या पत्र्यावर अजून ३० मायक्रॉनच्या आसपास दाखवतोय, शेजाऱ्यांच्या नव्या पत्र्यावर चांगल्या जागी ७. काही बोलायची सोयच राहिली नाही! पण एक विचारतो. आमच्या विहिरीवरचा हॉट डिप अँगल करडा, मळकट होता आणि आता त्यावर तपकिरी डाग दिसतायत. मीटर मात्र १४० दाखवतो. मीटर खोटा का डाग खोटा?

टिळकवाडी_जस्त:

दोन्ही खरे. जस्ताच्या टाकीत पोलाद बुडालं की नुसता लेप बसत नाही, लोखंड आणि जस्ताचे मिश्रधातूचे थर वाढतात, आणि सगळ्यात वर शुद्ध जस्त. पोलादात सिलिकॉन ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असलं तर हे मिश्र थर बेसुमार वाढतात, पार पृष्ठभागापर्यंत. कोटिंग जाड होतं, चमक जाते, मळकट करडं दिसतं. त्या थरांत लोखंड असतंच, वरच्या मिश्र थरात सुमारे ६ टक्के, त्याखालच्यात १० च्या घरात. थर झिजताना तेवढं लोखंड उघडं पडून तपकिरी डाग देतं. खालचं पोलाद सुरक्षित आहे. डाग दिसला की रंग लावायला धावू नका, आधी मीटर लावा. उलट हे कोटिंग जाड असल्यानं जास्तच टिकतं, फक्त ठोकाठोकी करू नका, कडेला टवका उडतो.

फॅब्रिकेशनवाल्यांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं. आपल्याकडं अँगल कुठल्या रोलिंग मिलचा आला हे दर वेळी बदलतं, एकाच गेटमध्ये एक पट्टी चकचकीत आणि एक काळपट निघते, आणि वाद होतो.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन:

काका, गिऱ्हाइकाशी बोललो. अथणीला जवळ कारखाना नाही, गुऱ्हाळही नाही. तिथं हॉट डिप, बोल्टसकट, २५ वर्षं लिहून देतो. गोठ्याच्या कोटेशनवर मोकळ्या हवेतल्या भागाला एक मुदत आणि खांबाच्या पायथ्याला दर दोन वर्षांनी रंग, असं वेगवेगळं लिहिलं. मालकांना ते पटलं पण. फक्त त्यांनी एक प्रश्न टाकला, की जांबोटीला सी३ हे तुम्ही कशावरनं म्हणता? मला उत्तर देता आलं नाही.

टिळकवाडी_जस्त:

योग्य प्रश्न आहे, मालकांना माझा नमस्कार सांगा. मी सांगितलं तो अनुभवावरचा अंदाज. खात्री करायची असेल तर तिथंच मोजता येतं, आणि खर्च फारसा नाही.

मीटरनं होणार नाही. वर्षाला मायक्रॉन-दीड मायक्रॉनची घट, आणि मीटरची स्वतःची चूकच तेवढी. त्यापेक्षा वजन करा. शुद्ध जस्ताच्या १०० बाय १५० मिमीच्या चार पट्ट्या कापून घ्या, १ मिमी जाडीच्या. कडा घासा, तेल जाईपर्यंत थिनरनं पुसा, पंचनं नंबर मारा. ओळखीच्या सराफाकडं जाऊन मिलिग्रॅमपर्यंत वजन करा. प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या वर भरेल. चौथी पट्टी कोरड्या डब्यात बंद करून घरी ठेवा, बाकी तीन जागेवर लावा. दक्षिणेकडं तोंड करून, ४५ अंशात, प्लास्टिकच्या वॉशरवर. तांब्या-पितळेचा स्क्रू किंवा तार चुकूनही लावू नका, तिथं जस्त वेगळ्याच कारणानं जाईल. झाडाखाली नको, चुलीच्या धुरात नको.

बरोबर एक वर्षानं काढा. वर साचलेला थर काढायला कल्हईवाले वापरतात तो नवसागर, १०० ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण होईल एवढं पाणी घाला. ते ७० अंशाला तापवून पट्टी २ ते ५ मिनिटं बुडवायची, मऊ ब्रशनं घासायची, धुऊन, वाळवून वजन. घरी ठेवलेली चौथी पट्टीही त्याच पाण्यात तेवढाच वेळ बुडवायची, तिचं वजन जितकं घटेल तितकं नवसागरानं खाल्लेलं. ते बाकीच्या तिघींच्या घटीतून वजा करायचं. दोन्ही बाजू मिळून पट्टीचं क्षेत्र ०.०३ चौरस मीटर, म्हणून ०.२१ ग्रॅम गेलं की १ मायक्रॉन. ०.१५ ते ०.४५ ग्रॅममध्ये बसलं तर सी३.

एक वर्षाचा आकडा एकाच पावसाळ्याचा असतो हे ध्यानात ठेवा. जमलं तर आणखी तीन पट्ट्या लावून त्या पुढं पाच वर्षांनी काढा, घट खरोखर मंदावते का ते तुमच्या जागेवरच कळेल. आणि गोठा उभा राहिला की एक संच आत, आढ्याच्या खाली पर्लिनला टांगा. आतला आणि बाहेरचा आकडा शेजारी ठेवला, की पुढच्या गोठ्याला हवेची फट किती रुंद ठेवायची यावर मालकांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल. आकडे आले की इथं टाका, खानापूर भागातल्या बाकीच्यांनाही लागतील.